तिसरी मोरी

काश्मीरमधल्या एका पोस्टवर माझी ड्यूटी रोड ओपनिंगची होती. सिव्हिल लोकांसाठी सांगतो. काफिला निघायच्या आधी दहा जणांनी रस्ता पायी चालायचा, स्फोटकं नाहीत ना ते बघायचं आणि वायरलेसवर रिपोर्ट द्यायचा. मी, नाईक योहान साळवे, त्या पार्टीचा कमांडर. आमच्या वाट्याला चार किलोमीटर रस्ता आणि तीन मोऱ्या. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट. आमच्याकडे नियम एकच, प्रत्येक मोरीत कमांडरने स्वतः उतरायचं.

त्या दिवशी ०५३० ला निघालो. दोन मोऱ्यांत उतरलो. तिसरीत गुडघाभर बर्फाचं पाणी होतं आणि बूट आधीच भिजले होते. मी वरून वाकून टॉर्च मारला. काही दिसलं नाही.

"रोड क्लिअर. ओव्हर."

"तीनों चेक किया? ओव्हर."

"तीनों चेक. ओव्हर."

वेळ ०६४०.

०७१७ ला तिसरी मोरी उडाली. वरून जाणाऱ्या काफिल्यातल्या दुसऱ्या गाडीत लान्स नाईक सुधीर परब होता. तो लालबागचा, मी परळचा. भरतीच्या रांगेत एकामागे एक उभे होतो. रजेवर घरी निघाला होता, जागीच गेला. आईसाठी घेतलेले अक्रोड रस्ताभर सांडले होते. ते मी वेचले.

चौकशीत मी म्हणालो, "उतरून बघितलं होतं, साहेब." सगळ्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

ते अक्रोड मीच काकींना, म्हणजे सुधीरच्या आईला, नेऊन दिले. त्या म्हणाल्या, "आता तूच माझो झील." झालं, मी त्यांचा मुलगा झालो! आधी दर रजेत, पुढे रिटायर होऊन लोअर परळला सिक्युरिटीत लागल्यावर दर रविवारी चर्चमधून थेट लालबागला त्यांच्याकडे जेवायला. अकरा वर्षं. मला दुसरं घर नाही.

चर्चमध्ये आम्ही देवाला पवित्र म्हणतो, सेनाधीश म्हणतो. बाकीच्यांना तो शब्द गोड लागत असेल. माझी पाचावर धारण बसायची. सेनाधीशाला खोटा रिपोर्ट चालतो होय? प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे पुढे जायचे, मी बाकावर बसून राहायचो.

शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. "रोज रडतो, साहेब. देव माफ का करत नाही?"

"रडणं म्हणजे पश्चात्ताप नाही, योहान. हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"देवाला."

"त्याला ठाऊकच होतं. त्या आईला सांगितलंस?"

"ऐकून मरतील हो त्या!"

"त्या मरतील, की तुझं ताट जाईल?"

असा राग आला! उठून निघालो. पण रागाने काय होतंय, बोलले ते खरं होतं. मी देवासमोरही अकरा वर्षं वरूनच टॉर्च मारत होतो.

त्या रविवारी काकींनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी ताटाला हात लावला नाही.

"काकी, मी मोरी बघितली नव्हती."

त्यांनी वळून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाहिलं. "मोरी? सकाळीच धुवलंय रे."

शत्रूवर येऊ नये ती वेळ. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसरी मोरी, पाणी, टॉर्च, रिपोर्ट, चौकशी. काकींच्या हातातला डाव भातातच राहिला.

"अकरा वर्सां माझ्या हातचा जेवलंस, आणि आज सांगतंस, मेल्या?"

काकींनी माझ्यासमोरचं ताट उचललं.

"ऊठ. चालतो हो."

चप्पल घालत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"तुझ्या जागेर सुधीर असतो, तर तो उतारलो असतो?"

खोटं बोलायची तीही एक संधी होती.

"हो, काकी. उतरला असता."

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी मी प्रभुभोजनाला पुढे गेलो. देवाने क्षमा केली, असं पाळकसाहेब म्हणाले. आत मला काहीच जाणवलं नाही. नुसता विश्वास ठेवून हात पुढे केला. नंतर सवयीने लालबागला गेलो. दार उघडलं नाही. आता दर रविवारी जातो, बाहेर दहा मिनिटं उभा राहतो, परत येतो.

लान्स नाईक सुधीर अनंत परब, लालबाग. तो उतरला असता.