बावीस काडतुसं

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आले तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, तालुक्याच्या कॉलेजची बीएस्सी होती आणि नोकरी नव्हती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आई चौथी शिकलेली. तिकडे माझ्या पदवीचं मोठं कौतुक झालं होतं. इथे अर्ज पाठवत बसले तेव्हा त्या कॉलेजचं नाव कुणाला लिहितासुद्धा येत नव्हतं.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक काकू भेटल्या आणि मला सरळ घरी जेवायला घेऊन गेल्या. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मूळचे नागपूरचे. इथे सगळी उमर टूलरूममध्ये मशिनिस्ट म्हणून काढून रिटायर झालेले. मी केमिस्ट्री शिकले हे कळल्याबरोबर ते ताटावरून उठले.

"चल, तुला एक तराजू दाखवतो."

"दही-भात तरी खाऊ द्या तिला," काकू म्हणाल्या. "त्या गॅरेजमध्ये गेलेला माणूस संध्याकाळशिवाय परत येत नाही."

गॅरेजमध्ये एक लांब बेंच होता. त्यावर हात-दांड्याचा लोखंडी प्रेस, माप घ्यायचे दोन व्हर्नियर, काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या म्हणजे केसेस भरलेले लाकडी ठोकळे आणि काचेच्या पेटीत ठेवलेला इलेक्ट्रॉनिक तराजू. काका टार्गेट रायफल खेळायचे. शिकार त्यांनी कधी केली नाही. सहाशे यार्डांवर लावलेल्या कागदाच्या काळ्या गोलात भोकं पाडायची, एवढाच त्यांचा नाद. त्यासाठी लागणारी काडतुसं ते स्वतः भरत.

"दुकानातली मिळत नाहीत का?" मी विचारलं.

"मिळतात ना. पण एकात पावडर किंचित जास्त, एकात किंचित कमी. जवळून मारलं तर फरक पडत नाही. सहाशे यार्डांवर एक भोक वर, एक खाली. मग चूक माझी का काडतुसाची, कळणार कसं, यार?"

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. आपली चूक आपल्याला ओळखता यावी म्हणून एवढी खटपट करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या हिवाळ्यात मी आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. उडवून झालेली केस डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची. लांबी वाढली असेल तर कापून सारखी करायची. तिच्या बुडाचा खळगा खरवडून साफ करायचा आणि त्यात पावडर पेटवणारी नवीन टोपी, म्हणजे प्रायमर, बसवायचा, तोही मशीनने नाही, बोटांना जाणवेल असा हाताने. मग पावडर तोलायची, शेवटी गोळी बसवायची आणि ते काडतूस वाकडेपणा दाखवणाऱ्या गेजवर फिरवून सुई हलते का बघायचं. काका कधी घाई करत नसत आणि मी चुकले तर आवाज चढवत नसत. "परत कर," एवढंच म्हणायचे. औषध कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये माझा इंटरव्ह्यू झाला तेव्हा हातात वस्तू घेऊन मोजण्याची भीती उरलेली नव्हती. ती नोकरी मिळाली याचं निम्मं श्रेय मी त्या बेंचला देते.

पण एक गोष्ट काकांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. मी भरलेली काडतुसं ते कधीच उडवणार नव्हते. या खेळातला तो रिवाजच आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. झोपून नेम धरताना माणसाचा गाल रायफलीच्या बोल्टपासून, म्हणजे काडतूस आत कोंडणाऱ्या खिटीपासून, चार बोटांवर असतो. आत किती पावडर आहे हे त्याला स्वतःला माहीत असलं पाहिजे. माझी काडतुसं मी स्वतः नेमबाजीच्या रेंजवर काकांच्या जुन्या रायफलीतून उडवायचे, आणि काका मागे बसून दुर्बिणीतून भोकं मोजायचे.

दोन वर्षांनी त्यांच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे गेले. रायफल पट्ट्यावर पेलून धरता येत होती, ट्रिगरला तर्जनी लागत होती. पण चिमटीत प्रायमर धरवत नव्हता, प्रेसचा दांडा ओढवत नव्हता. त्याच सुमारास न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने आग्रह धरला आणि घर विकायचं ठरलं. त्यांची रायफल नेमबाजीच्या क्लबातल्याच एकाने मागून घेतली. एप्रिलमधला शनिवारचा सामना झाला की ती त्याच्याकडे जाणार होती. ज्या रेंजवर काका तीस वर्षं खेळले तिथला तो त्यांचा शेवटचा सामना होता. वीस-वीस गोळ्यांचे तीन डाव, आणि प्रत्येक डावाआधी अंदाजाच्या दोन, ज्यांचे गुण धरत नाहीत. एकूण सहासष्ट.

"तू भरशील का?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं मला त्या बेंचवरची धूळ पुसू दिली नाही. आणि हिला विचारतायत."

"तू धूळ पुसतेस तेव्हा वस्तू जागेवरून हलतात."

"हो, मी हललेलीच चालत नाही तुम्हाला."

मी हो म्हटलं. शुक्रवारी लॅबमधून सुट्टी घेतली आणि सकाळी आठला बेंचवर बसले. केसेस आठवडाभर तयार करून ठेवल्या होत्या, अठ्ठ्याऐंशी, म्हणजे बावीस जास्तीच्या. गोळ्याही तेवढ्याच उरल्या होत्या. काका नवीन मालकाला रायफलीचे कागद द्यायला गेले होते. तराजूवर ठरावीक वजनाचा पितळी तुकडा ठेवून पाहिला, आकडा बरोबर आला, आणि मी पावडर तोलायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्रीची जेवणं आटोपली होती. मी काय करते हे तिला बघायचं होतं, आणि मलाही ते दाखवायचं होतं, हे कबूल करते. मी फोन तराजूच्या काचेला टेकवून उभा केला.

"काय गं ते, तीळ का?" आईने विचारलं.

"बंदुकीची पावडर आहे."

"आणि तू हाताने मोजतेस? एकेक दाणा?"

"जवळजवळ."

"बघ हो," ती मागे वळून वडिलांना म्हणाली, "लेक दाणे मोजायला अमेरिकेत गेलीय."

आम्ही खूप हसलो. ती बोलत राहिली, मी तोलत राहिले. दुपारपर्यंत सहासष्ट काडतुसं डब्यात उभी होती. एकेक गेजवर फिरवून झालं होतं, सुई कुठेच हलली नव्हती. इतकं नीट काम मी आधी केलं नव्हतं.

आवरताना मी तो पितळी तुकडा पुन्हा तराजूवर ठेवला. आकडा चुकला. उचलून परत ठेवला, तरी तोच. फोन कधीच खिशात गेला होता, पण त्याच्या लहरींनी तराजूचा आकडा जो सरकला होता तो सरकलेलाच होता. तराजूजवळ फोन ठेवायचा नाही हे लॅबमधल्या नव्या मुलींना मीच सांगते.

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीचे एक सर होते. सगळ्या वर्गाला मिळून एकच चांगला तराजू, त्यामुळे रांग लागायची. आपलं वजन टिपून झालं की मुलं पळायची. सर त्यांना परत बोलवायचे आणि रिकामं पारडं बघायला लावायचे. शून्य आलं नाही तर मधलं सगळं टिपण स्वतःच्या हाताने खोडायचं. मी तेव्हा रडले होते एकदा. त्या सरांमुळे मला आता हे स्पष्ट माहीत होतं की माझ्यासमोरच्या सहासष्टांपैकी एकाचीही खात्री मला देता येत नाही.

फरक लहान होता. रायफल बहुधा तो सोसून गेली असती. काकांना काही कळलं नसतं, फार तर दोन-चार भोकं वर गेली असती आणि त्यांनी ती आपल्या दुखऱ्या हातांवर ढकलली असती. मी डब्याकडे बघत बसले. मग दारात गाडी वाजली.

काका आत आले तेव्हा मी उभी राहूनच सांगितलं. फोन कुठे ठेवला होता तेही सांगितलं. त्यांनी पितळी तुकडा स्वतः ठेवून पाहिला, चष्मा काढला आणि स्टुलावर बसले.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. "मग आता अख्खं काडतूस तोला की. जड असेल ते बाजूला."

"नाही जमत. केसच एकेक कमीजास्त असते. पावडरीतला फरक त्यात लपून जातो," काका म्हणाले.

"मग फोडा. परत भरा."

"पावडर परत वापरता येईल. ओढून काढलेली गोळी सामन्याला नाही वापरत मी. टोक दबतं." त्यांनी बाजूच्या डबीकडे पाहिलं. "नवीन किती आहेत?"

"बावीस," मी म्हटलं.

"म्हणजे एक डाव."

"काका, माझ्यामुळे..."

"हो, तुझ्यामुळे," ते शांतपणे म्हणाले. "बस. तराजू बंद करून परत चालू कर. वीस मिनिटं तापू दे. फोन तिला दे."

फोन काकूंनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मी बावीस काडतुसं भरली. दर पाचांनंतर पितळी तुकडा ठेवला आणि दर वेळी आकडा काकांनी मोठ्याने वाचला. त्यानंतर ती सहासष्ट फोडायला घेतली, कारण खात्री नसलेलं काडतूस काका घरात ठेवू देत नसत. त्यासाठी प्लास्टिकचा एक पोकळ हातोडा असतो. त्यात काडतूस अडकवून जमिनीवर ठोकलं की गोळी सुटून येते. काकांना ते ठोकवेना. काकूंनी पदर खोचला.

"सांभाळून," काका म्हणाले.

"तुमचं तोंड आठवते आणि मारते."

प्रत्येकातली पावडर मी भरलेल्या क्रमाने वेगळी तोलली. पहिल्या अठरांत बरोबर होती. एकोणिसाव्यापासून आकडा वर चढत गेला होता. काका कागदावर टिपत होते. शेवटच्या ओळीपर्यंत आल्यावर त्यांनी पेन्सिल ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच.

शनिवारी आम्ही तिघं रेंजवर गेलो. काका चटईवर झोपले, पट्टा दंडाला आवळला आणि अंदाजाच्या दोन मारल्या. मग वीस. दोनशेपैकी एकशे ब्याण्णव झाले. तीन भोकं डावीकडे गेली होती. "वारा," ते म्हणाले, "तो मी चुकलो." वर किंवा खाली एकही नव्हतं. बोल्ट उघडून त्यांनी रायफल रिकामी असल्याचं दाखवलं आणि सामान आवरू लागले.

शेजारच्या चटईवरचा गोरा म्हातारा त्यांचा वीस वर्षांचा सोबती. अजून दोन डाव बाकी आहेत, मग का उठतोस, असं त्याने विचारलं. काकांनी सांगितलं, काडतुसं संपली. त्याने आपला डबा पुढे केला. त्याची रायफलही त्याच मापाची होती. काकांनी मान हलवली, दुसऱ्याची मी मारत नाही.

म्हातारा हसला. "आत्ता मारलीस ती या मुलीने भरलेली होती ना? मला क्लबात कळलंय."

"हो."

"मग?"

"तिची बिघडली की ती सांगते," काका म्हणाले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि चटईवर आडवा झाला. दुसऱ्या डावाची सूचना झाली. काकांनी त्याच्या मागे खुर्ची ओढली, त्याच्या गुणांची वही मांडीवर घेतली आणि पेन्सिल माझ्याकडे दिली.

"वीस मारल्यावर आता माझ्या अंगठ्याने धरवत नाही. मी सांगतो, तू लिही."

उरलेले दोन डाव मी त्यांच्या शेजारी बसून लिहीत होते. मधे काकूंनी डब्यातल्या पुऱ्या काढल्या.