शेरवानीतला एमआरआय

बाजार खुला झाला तसा आमच्या तपासणी सेंटरात परदेशी एमआरआय यंत्र आलं. आम्ही शिकाऊ मंडळी नव्या जावयासारखी त्याची बडदास्त ठेवत होतो.

एका सकाळी मलकपेठ मोहल्ल्यातून एक बाबा आले. डोकं सारखं दुखायचं म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला पाठवलं होतं. फोटो म्हटल्यावर बाबा वरातीला निघाल्यासारखे सजले होते. काळी शेरवानी, चकचकीत गुंड्या, डोळ्यांत सुरमा आणि अत्तराचा घमघमाट! धातू चालत नाही म्हणून मी सगळं उतरवायला लावलं. त्यातही धातूचा अंश असतो म्हणून सुरमासुद्धा पुसला. मागे नाड्या असलेल्या हिरव्या झग्यात उभं राहून त्यांनी विचारलं, "हसना क्या जी?"

"नक्को, बस हिलना नक्को," मी म्हणालो.

यंत्र ठणाणा करत होतं, पण काचेपलीकडून बघतो तर डोक्यावरच्या आरशात बाबांचे डोळे हसून बारीक झालेले. हलू नका सांगूनही हे चाललेलं, मला रागच आला.

बाहेर येऊन परत शेरवानीच्या गुंड्या लावताना ते हळूच म्हणाले, "गाठ का शक है बोले ना. कुछ हो गया तो दीवार पे लगाने कू एक अच्छा फोटो रहना, सोचा."

तेवढ्यात आमच्या सेंटरच्या डॉक्टरांनी फोटो बघून आतूनच सांगितलं की गाठबीठ काही नाही.

बाबांनी कॉलर ताठ केली, हनुवटी उचलली आणि यंत्राच्या खोलीच्या काचेसमोर ऐटीत उभे राहिले.

"अब लेव जी! जिंदे आदमी का फोटो कपड़ों में रहना."