तिकीट लावून संत्र्याची बाग

माझ्या नवऱ्याने ड्रॉइंग मास्तरची पक्की नोकरी सोडली, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. एकाने एक सोडलं, दुसऱ्याने दुसरं, आणि मधल्या मध्ये मी.

वडील काटोलकडचे, संत्र्याच्या बागेचे मालक. "मास्तर पाहून पोरगी देली होती," असं ते म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. माझ्या लग्नात त्यांनी "जवाई नागपूरले मास्तर हायत" हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. पुढे दीड वर्षात या मास्तराने राजीनामा दिला आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बोर्ड, मंडपांचे देखावे रंगवायला लागला. गावात हे सांगायची बाबांना लाज वाटली, म्हणून त्यांनी सांगितलंच नाही. गावासाठी माझा नवरा मास्तरच राहिला. मला तिकडून पत्रं यायची, आमच्या पोराला तुमच्या शाळेत घेता का, गणिताचा पेपर कोण तपासते तेवढं मास्तरांना विचारा. मी पत्रं डब्यात टाकायची आणि बाबांवर मनातल्या मनात धुमसायची.

बाबा घरी आले की त्यांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. नवरा पुढ्यात बसलेला असायचा आणि बाबा मला म्हणायचे, "त्याले विचार, तब्येत बरी हाय का." नवरा म्हणायचा, "मामाजींना सांग, बरी आहे." चार वर्षं हे पोस्टमनचं काम मी केलं. एकदा वैतागून म्हटलं, आता मी काही सांगणार नाही, तुमचं तुम्ही बोला. तर दोघंही मुकाट्याने जेवून उठले, आणि वरण जास्त खारट झालं होतं हेसुद्धा मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या हिवाळ्यात शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. पाळणे, मौत का कुआँ, जाडंबारीक दाखवणारे आरसे, सगळं होतं. ठेकेदाराला आणखी काहीतरी नवीन पाहिजे होतं, आणि त्याच्या डोक्यात काश्मीर होतं. कापसाचा बर्फ पसरा, एक शिकारा ठेवा, लोक फोटो काढतील. माझा नवरा कधी आवाज चढवत नाही, पण हट्टाला पेटला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. तो म्हणाला, काश्मीर लोकांनी सिनेमात पाहिलं आहे. आपण इथलंच करू, पण असं की माणूस आत शिरेल, नुसतं पाहणार नाही, हात लावेल. ठेकेदाराने हात टेकले.

मग लकडगंजातून बांबू आणि फळ्या आल्या, गोणपाट आलं, जुन्या सिनेमाच्या बोर्डांचं कापड आलं, आणि महिनाभर खपून त्याने तीन खोल्यांचं 'तीन ऋतूंचं घर' उभं केलं. पहिली खोली उन्हाळ्याची. भिंती इतक्या पांढऱ्या-पिवळ्या रंगवलेल्या की डोळे आपोआप बारीक व्हायचे, वरून मोठे दिवे. कोपऱ्यात ओली वाळ्याची ताटी आणि तिच्यामागे हाताने फिरवायचा पंखा. गंमत अशी, की जो दांडा फिरवेल त्याला वारा लागायचा नाही, समोरच्याला लागायचा. त्या खोलीत नवराबायकोची भांडणं फार झाली. दुसरी खोली पावसाची. पूर्ण अंधार, एक दोर, आणि दोर ओढला की वरच्या टिनावरून ज्वारी घरंगळत जायची. लोक खरंच डोक्यावर हात धरायचे. आणि तिसरी खोली हिवाळ्याची, म्हणजे संत्र्याची बाग. बांबूची झाडं, बोर्डाच्या कापडातून कापलेली पानं, मातीची रंगवलेली संत्री. फळ तोडायचं, हातात घेऊन मिरवायचं आणि जाताना वाटेल त्या झाडाला परत टांगायचं. पडद्यामागे रसवाल्याकडून आणलेल्या सालींचं टोपलं असायचं. नवरा अधूनमधून त्या साली पिळायचा, की आख्ख्या खोलीत वास. झाडांवर पांढरी फुलंही होती. ती फुलं मी कापली होती, सगळीच्या सगळी, आणि माझ्या बोटांची सालं निघाली होती.

तिकीट आठ आणे. तिकिटाच्या खिडकीत मी बसायची.

आत जायचं दार आणि बाहेर यायचं दार शेजारी-शेजारी होतं, आणि हीच आमची पंचाईत होती. नागपूरचा माणूस तिकीट काढण्याआधी बाहेर येणाऱ्याला गाठणार. "काय भाऊ, पाहण्यासारखं हाय का?" माझ्या सांगण्यावर कोणाचाच विश्वास नव्हता, मी तर विकणारीच. बाहेर येणारा जे म्हणेल त्यावर रांग हलायची किंवा पांगायची. बायका साधारण खूश असायच्या. पुरुष मात्र मोठ्या परीक्षकाचा आव आणून, "ठीक आहे, टाइमपास आहे," असं म्हणायचे. एक गृहस्थ तर म्हणाला, "आपलंच ऊन, आपलाच पाऊस, आपलीच संत्री. घरी बसून फुकटात भेटते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खिडकीतून मान काढून म्हटलं, "मग घरी बसा ना भाऊ, इथं काहून आले?" नवऱ्याने मला आत ओढलं.

एका दुपारी बाबा आले. संत्री घेऊन बाजारात आले होते, सौदा आटपून तसेच मैदानावर. खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. त्यांनी 'ऊन, पाऊस आणि संत्र्याची बाग' ही पाटी सावकाश वाचली. नवरा त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर खळीचं डबडं घेऊन उभा होता. बाबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "नागपुरात संत्र्याची बाग पाहाले तिकीट? लोकायचं डोकं फिरलं का वं?"

"आत जाऊन पाहा, मग बोला," मी म्हटलं.

"त्याले सांग, मी रोज पाह्यतो. पहाटे उठून पाह्यतो."

मला काय हवं होतं ते सांगते. कौतुक नको होतं. बाबांनी जावयाच्या पाठीवरून हात फिरवावा अशीही माझी मागणी नव्हती. हे काम आहे, एवढंच त्यांनी एकदा कबूल करावं. गावात कोणी विचारलं, तर खोटा मास्तर सांगण्याऐवजी खरं काय ते सांगावं. चार वर्षं मी याच एका गोष्टीसाठी झुरत होते, आणि ते तिथे पिशवी धरून उभे होते आणि आत जायला तयार नव्हते. मी म्हटलं, "बाबा, आत गेल्याशिवाय आज घरी भाकर भेटणार नाही. सांगून ठेवते."

माझा स्वभाव त्यांच्यावरच गेला आहे, त्यामुळे मी थापा मारत नाही हे त्यांना माहीत होतं. पिशवी माझ्याजवळ ठेवून ते आत गेले.

तीन खोल्या पाहायला माणसाला पंधरा मिनिटं लागत. पंधरा झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. मागून गेलेले लोक बाहेर आले, त्यांच्याही मागून गेलेले आले, पण बाबा काही येईनात. आणि आज बाहेर येणारे लोक हसत येत होते.

"तो म्हातारा भारी बसवला आहे," एक जण रांगेतल्याला सांगत होता. "एकदम असली वाटते. धोतर, दुपट्टा, बोलणं, सगळं."

"विचारलं तर जवाब पण देते," दुसरा म्हणाला.

एक बाई मात्र जराशी रागावली होती. तिने माझ्याकडे तक्रार केली, "तुमच्या त्या माणसाने माझ्या हातातलं संत्रं काढून घेतलं. म्हणे असं हिसकू नका बाई, देठाजवळची साल फाटते, मग फळ सडते. मातीच्या फळाला कसला देठ?"

 मी खिडकी बंद केली आणि आत धावले. उन्हाळा आणि पाऊस ओलांडून बागेत पोचले, तर बाबा धोतर खोचून मधोमध उभे, भोवती पंधरा-वीस माणसं, आणि बाबा झाडावरची पांढरी फुलं एकेक करून तोडून दुपट्ट्यात टाकत आहेत. नवरा पडद्याजवळ सालींचं टोपलं धरून नुसता पाहत उभा.

"बाबा, काय करून राहिले? ती फुलं मी कापली आहेत."

"तू कापली?" बाबांनी हात थांबवला. "एकाच झाडावर पिकलं फळ बी अन् येवढं फूल बी? हा बहार कोणता समजावा, थंडी सरतानाचा आंबिया का पावसातला मृग? झाडाले ताण देऊन, पाणी तोडून एक बहार धरा लागते. असं झाड माह्या वावरात दिसलं, तर पाणी देणाऱ्याले मी उभं करून जाब विचारीन. त्याचं सोड, तो शहरातला. तू तं बागवानाची पोरगी होय ना वं?"

 खरंच होतं ते. अठरा वर्षं त्या बागेत वाढलेली मी, आणि नवऱ्याने विचारलं होतं, फुलं लावू का, छान दिसतील, तर मी कात्री घेऊन बसले होते. लोकांसमोर माझं तोंड एवढंसं झालं. लोकांना वाटलं मीसुद्धा या खेळातलीच आहे, ते कौतुकाने ऐकत होते.

बाबांचा मोर्चा आता फांद्यांकडे वळला. ते मला म्हणाले, "त्याले सांग, फांदी अशी सरळ राहत नाही. फळायचं ओझं असते. वाकते ते. बांबूचा टेका द्या लागते, नाही तं मोडते."

नवऱ्याने टोपलं खाली ठेवलं आणि पुढे येऊन त्यांना विचारलं, "मामाजी, टेका कुठं द्यायचा? मध्ये की टोकाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न माझ्या तोंडून यायची ते वाट पाहत होते. आणि मी ठरवलं, आज नाही. मी ओठ घट्ट मिटले आणि छताकडे पाहत राहिले.  बाबा दुपट्टा इकडचा तिकडे करत होते. शेवटी गर्दीतला एक माणूस म्हणाला, "सांगा ना काका, ते विचारून राहिले तुम्हाला."

बाबा खाकरले. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाले, "टोकाले नाही. टोकाले देलं तं कमरेत मोडते. थोडं अलीकडं. तो बांबू आण. हं, इकडून धर गा."

चार वर्षांतलं पहिलं बोलणं, आणि ते बांबूबद्दल. मला हसू आणि रडू एकदमच आलं, म्हणून मी फुलं गोळा करण्याच्या निमित्ताने खाली वाकले. ते दोघं मात्र कामाला लागले. प्रेक्षकांतल्या दोघांनी बांबू धरले, एकीने सुतळी धरली, बाबा गाठी मारत होते, आणि नवरा एकेक फांदी हाताने वाकवून विचारत होता, एवढी? बाबा म्हणत होते, आणखी थोडी. झाडं खरंच लदलेली दिसायला लागली. आधी ती चित्रातली होती, आता वाटायला लागलं की यांना काहीतरी तोलावं लागतं आहे. मला ते दिसलं आणि नवऱ्यालाही दिसलं. तो असा खुलला होता की मी लग्नातही त्याला तसा पाहिला नव्हता.

मी खिडकीत परत आले, तर रांग मौत का कुआँपर्यंत गेली होती. तिकिटं फाडता फाडता माझं लक्ष बाहेरच्या दाराकडे होतं. बऱ्याच वेळाने बाबा आले. धोतराला सुतळीचे तुकडे चिकटलेले. ते माझ्याकडे पिशवी घ्यायला वळणार, तेवढ्यात रांगेतल्या एका माणसाने त्यांना गाठलंच.

"काय काका, आतून आले ना? पाहण्यासारखं हाय का? की आठ आणे फालतू जातात?"

माझा हात तिकिटाच्या गड्डीवर थांबला. बाबांना खोटं कौतुक करता येत नाही, उभ्या जन्मात केलं नाही. ते त्या माणसाला म्हणाले, "मले काय विचारता? माह्या जवायानं केलं हाय."

तो माणूस हसला. बाबा दोन पावलं पुढे आले आणि थांबले. त्यांनी मागे वळून, आता सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "पह्यले मास्तर होता. आता हे करते. जा, पाहून या."

आणि पिशवी घेऊन ते चहा शोधायला निघून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, ते बरंच झालं.

मी खिडकी उघडी टाकली आणि बाहेर यायच्या दाराने आत घुसले. लोक बाहेर येत होते आणि मी उलटी आत, धक्के खात, धक्के देत. "ओ बाई, रस्ता तिकडून आहे," कोणीतरी म्हणत होतं. नवरा शेवटच्या झाडापाशी उकिडवा बसला होता, दातात सुतळी धरून गाठ आवळत. मी त्याच्या शेजारी खाली बसले आणि बाबा बाहेर काय बोलले ते त्याला सांगितलं.

त्याने दातातली सुतळी काढली. "कोणाला म्हणाले?"

"रांगेला. सगळ्या रांगेला."

त्याने ती सुतळी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं. बाहेर लोक तिकिटासाठी खिडकीची फळी वाजवत होते. तो म्हणाला, पुन्हा एकदा सांग, आणि मी पुन्हा सांगितलं, बाबांच्या बोलीत, बाबांच्या आवाजात, अजिबात न चिडता.