मेरिनने घातलेले दोन सेकंद

आमच्या होबार्टच्या ऑफिसात मेरिन टलकइतकी भित्री बाई दुसरी नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. सात वर्षं तिच्या शेजारी बसतोय. आम्ही हॉस्पिटलांसाठी औषधांच्या डोसचा प्रोग्राम बनवतो, जावा नावाच्या संगणकभाषेतला. मेरिन त्याच्या चाचण्या लिहिते. म्हणजे माणसाऐवजी संगणकच पेशंट निवडतो, बटण दाबतो आणि शेवटी हिरवं नाहीतर लाल दाखवतो.

लाल आलं की आमची पद्धत एकच, पुन्हा चालवायचं. हिरवं आलं की सुटलो!

मार्चमध्ये एक चाचणी अधूनमधून लाल यायला लागली. पेशंट बदलून लगेच बटण दाबलं की नाव नव्या पेशंटचं, डोस मात्र आधीच्याचा.

"अगं, तुझा रोबो घाई करतो," आमचा साहेब डगल म्हणाला. "कुठली नर्स एवढ्या झपाट्यानं दाबते? थांबव त्याला दोन सेकंद."

मीही मेल्याने त्याचीच री ओढली. मेरिनने चाचणीत दोन सेकंद घातले. हिरवं! प्रोग्राम हॉस्पिटलांत गेला, पण तिच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

जूनमध्ये एका दुपारी तिची बहीण केरी आम्हाला खायला सॉसेज रोल घेऊन आली. केरी आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स आहे. मेरिनने प्रोग्राम उघडून तिला खुर्चीत बसवलं. "रोज करतेस तसंच कर बघू."

केरीने माउसला हातही लावला नाही. आमच्याशी गप्पा मारत बाणाच्या कळीने पुढचा पेशंट, एंटर, एंटर. मी स्क्रीनकडे पाहिलं. नाव नवं, डोस जुना.

"अगं, पांढरी का पडलीस?" केरी म्हणाली. "माउस कोण शोधत बसतंय? आम्ही सगळ्याजणी असंच करतो."

मेरिनने दोन सेकंद काढून चाचणी चालवली. लाल. माझा हात सवयीने 'पुन्हा चालवा'कडे गेला, तर तिने मनगटच धरलं. "खबरदार!" डगलला न विचारताच तिने केरीच्या वॉर्डात फोन लावला. "प्रोग्राम बंद करा. आत्ताच्या आत्ता."

केरीच्या हातातला रोल तसाच राहिला. "मंगळवारी सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा दिवसभर झोपेतून उठलेच नाहीत," ती हळूच म्हणाली. "आम्हाला वाटलं, वयामुळे."

आजोबा आता कसे आहेत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मेरिनने विचारलं.