निळांगीचं पारायण

आमच्या सासूबाई, अनुसूयाबाई, वय वर्षं एकाहत्तर, यांनी पंखवाल्या अजगरांच्या कादंबरीला पोथी समजून पारायण मांडलं, याला जबाबदार आमचं मंडळ. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे मंडळाचं वाचनालय म्हणजे एक कपाट. त्यात पोथ्या नि कादंबऱ्या एकाच फळीवर. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी तिथून एक जाडजूड ग्रंथ उचलला. आत राजे, शाप, पाताळाचं दार. आणखी काय हवं? अंघोळ करून पाटावर बसल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, "आई, ही पोथी नाही हो, कादंबरी आहे."

"असू दे. बसलेय ना, आता सात दिवस उठायचं नाही."

गोष्ट तीन खंडांची निघाली. दुसरा खंडही असाच पार पडला. तो संपला तेव्हा नावाड्याची पोर निळांगी पाताळाच्या दारात एकटी उभी होती, आणि लेखकमहाशय दोन वर्षं गप्प! त्या माणसाला खंडेराव गेटच्या चौकात उभं करून जाब विचारावा, असं मला वाटायचं. सासूबाई मात्र रोज देवासमोर दिवा लावताना म्हणायच्या, "आमच्या पोरीला सांभाळ रे."

या जानेवारीत माझा नवरा पराग पुण्याहून तिसरा खंड घेऊन आला. चारशे पानं! मी दारातच पिशवीवर झडप घातली. सासूबाईंनी पुस्तक काढून घेतलं, हळदकुंकू वाहिलं आणि मला बजावलं, "बकुळ, सोमवारी बसायचं. रविवारी निळांगी घरी आली की पुरणपोळी. तोवर शेवटचं पान कुणी उघडायचं नाही."

सोमवारपासून घरात पारायण रंगलं. शेजारच्या शुक्लाइन चाची मटार सोलत ऐकायला बसायच्या. निम्मं मराठी कळायचं, उरलेलं सासूबाईंच्या हातवाऱ्यांवरून. मी ऑफिसातून दुपारी फोन करायची, "आई, पूल पडला का?" पलीकडून दोघी एकदम ओरडायच्या. चाची रोज एकच विचारायच्या, "काय अम्मा, बिटिया बच जैहै न?"

"बचेगी नहीं तो जाएगी कहाँ!" सासूबाई ठणकावून सांगायच्या.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई चाचींकडे गेल्या आणि माझा धीर सुटला. उघडलं शेवटचं पान. निळांगी काळ्या तळ्यात उडी मारते, तळाशी जाऊन पाताळाचं दार आतून लावते आणि परत येत नाही. पुस्तक खलास.

मला रडूही येईना, इतका राग आला. दोन वर्षं तिच्यासाठी दिवा लावणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं? परागला विचारलं, तर तो म्हणाला, "तोंड बंद ठेव." ते मला कधी जमलंय? पण ठेवलं. शुक्रवार, शनिवार मी सासूबाईंच्या मागेपुढे करत होते.

रविवारी पुरण शिजलं होतं. मी त्यांच्या शेजारीच बसले. उडी आली. सासूबाईंचा आवाज कापला, पण थांबला नाही. शेवटची ओळ वाचून त्यांनी चष्मा काढला. चाचींनी पदर तोंडाला लावला.

"तुला ठाऊक होतं," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गुरुवारपासून माझ्या चहात दुप्पट साखर घालतेयस."

मी मान खाली घातली. "आई, पोळ्या राहू देत का आज?"

"का म्हणून?" त्यांनी डोळे पुसले. "आतल्या कपाटातून पहिला खंड आण, मंडळाला परत कुठे केलाय अजून."

"आता?"

"अगं, ग्रंथ संपला म्हणून मिटून ठेवतात का? शेवट झाला की सुरुवातीच्या चार ओळी वाचायच्या, मग उठायचं. इतकी वर्षं या घरात आहेस, एवढंही बघितलं नाहीस?"

मी धावत जाऊन आणला. सासूबाईंनी चष्मा चढवला, पहिलं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "निळांगी तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला पोहता येत नव्हतं."

चाचींना एवढं मराठी नेमकं कळलं. "लो, आ गई बिटिया!" म्हणत त्यांनी टाळी वाजवली. आता मात्र मला रडू फुटलं, चांगलं हमसून. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "ऊठ, पोळ्या लाट. पोर घरी आलीय."