वजाबाकीचा ताळा

मुलगी तिसरीत होती, तेव्हा जर्मनीत एर्लांगेनच्या घरी ऑफिसमधून आलो की मी तिला वजाबाकीचा ताळा बेरजेने करायला शिकवत असे. त्रेसष्टातून अठ्ठावीस गेले, उरले पस्तीस. "आता पस्तिसात अठ्ठावीस मिळवले तर?" असं विचारलं की ती पुन्हा बोटं मोजायला लागायची.

मी राजम्याचे दाणे मांडले, काढले, तेवढेच परत ठेवले. "कळलं?"

"हो, कळलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटं. महिनाभर हेच चाललं. एकदा माझा आवाज चढला, "काल तर कळलं म्हणालीस!"

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि जर्मनमध्ये हळूच म्हणाली, "बाबा, मला कधीच कळलं नव्हतं. तू दमून येतोस ना, म्हणून मी हो म्हणायचे."

मी दाणे गोळा करून डब्यात भरले.

त्या आठवड्यात चाचणीचा पेपर सहीसाठी घरी आला. ताळ्याचा अख्खा रकाना कोरा होता. मी सही केली.

पुढेही आम्ही रोज बसत होतो. ती "कळलं" म्हणायची, मी मान डोलवायचो, आणि आम्ही वही मिटायचो.