गोळी झाकेल एवढी दारू

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण बंदूक मला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. वडलांच्या मागं पिकाच्या राखणीचा परवाना माझ्या नावावर झाला आणि त्यांची ठासणीची बंदूक माझ्या हातात आली. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत धरलेली शिशाची गोळी गजानं ठासायची, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, मग नेम. एका बाराला एवढा खटाटोप, आणि गोळी जाणार भलतीकडंच!

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली ओढ्याकाठी आमच्या भावकीचा भुईमूग होता. रानडुकरं वाफेच्या वाफे उकरत होती. राखण वडलांच्या काळापासून आमच्या घराकडं. माझे लागोपाठ तीन बार फुकट गेले, तेव्हा चुलते पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या बाराला डुकरं भीत न्हाईत रं. बार झाला की निवांत जेवाया बसत्यात." लोक हसले. "बाजारापतुर बगू. न्हाईतर मिरजगावचा बंदूकवाला आनू."

माझ्या बांधावर परका माणूस बंदूक घेऊन बसणार! मला भाकर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ओढ्यात गेलो. दरडीला रॉकेलचा रिकामा डबा टेकवला, साठ पावलं मागं आलो. वडलांचं माप मला तोंडपाठ होतं. तळहातावर गोळी ठेवायची, ती झाकेल एवढी दारू वर ओतायची, तेवढीच नळीत. तसंच केलं. गोळी डब्यावरून गेली. दुसरी डावीकडं. तिसरी कुठं गेली ते देवालाच ठाऊक. गोळ्या वाकड्या म्हणून घरी जाऊन पुन्हा साच्यात ओतल्या. चिंधी जाड म्हणून बायकोच्या जुन्या लुगड्याची पातळ चिंधी फाडली. खांदा निळा झाला, तोंड काळं झालं. डबा मात्र दुकानातून आत्ता आणल्यासारखा. त्याला चार शिव्या दिल्या. त्यानंही काही झालं नाही.

दुपारी बायको भाकरी घेऊन आली.

"लागला का?"

"लागंल."

ती पुढं जाऊन बाराबरोबर नळीतून उडून पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागली. लुगडं तिचंच होतं. "अवो, ह्या बगा. समद्यांला जळून भोकं पडल्यात. तुमचा जाळ लई हुतोय. भाकर करपली तर मी लाकूड मागं वडते, पिठाला शिव्या न्हाई देत."

"वडलांचं माप हाय ते!"

"मामंजींचा हात पाटावानी सपाट हुता. तुमचा बगा की."

माझा हात पोरवयात मोटेच्या नाड्यानं सोलून निघालेला. तेव्हापासून आखडला, बोटं पुरती उघडत नाहीत, मधे वाटीसारखा खळगा. गोळी खळग्यात बसायची आणि ती झाकेपर्यंत मी दारू ओतत राहायचो. एवढी साधी गोष्ट. पण ती बायकोच्या तोंडून ऐकायची म्हणजे अंगाची लाही होते.

"मग काय तुझ्या हातावर मापू?"

"मापा की." तिनं हात पुढं केला. भाकरी थापून थापून सपाट झालेला. त्यावर गोळी ठेवून दारू ओतली, तर माझ्या निम्मीच लागली. मनात म्हटलं, ही गोळी ओढासुद्धा ओलांडायची नाही. बार काढला. डबा ठणकन वाजून आडवा झाला. चिंधी उचलून पाहिली, तर नुसती काळवंडली होती.

तेवढ्यात दरडीवरून चुलते खाली आले. सकाळपासून बार मोजत बसले असणार. "एक लागला म्हंजे काय झालं? आंधळ्यालाबी लागतो. पुन्ना लाव."

मी आधी माझ्याच हातावर दारू ओतायला घेतली. अंदाजानं कमी ओतावी म्हटलं, पण कमी म्हणजे किती? चुलते बघत होते. बायको भाकरीचं फडकं घडी करत होती. बार चुकला असता तर मिरजगावचा आलाच होता.

"हात कर," मी तिला म्हणालो.

"काय म्हनला?"

ऐकू गेलं होतं तिला, चांगलं गेलं होतं.

"हात कर म्हनलं!"

तिनं केला. डबा पुन्हा वाजला. आणखी एकदा हात, आणखी एकदा डबा. चुलत्यांनी जाऊन तिन्ही भोकं बोटानं चाचपली.

"म्हंजे राखन सूनबाईकडं हाय म्हन की."

"राखन माझ्याकडंच हाय," मी म्हणालो आणि बंदूक पुसायला घेतली.

मिरजगावचा आला नाही. त्याच संध्याकाळी मी दारू मापायला वेळूचं एक पेर तिच्या मापानं कापून घेतलं, पुन्हा हात मागायला लागू नये म्हणून. भावकीत कुणी विचारलं तर सांगतो, वडलांचं माप आहे. तशी ती आतून खोकते.